झिनतआपाचं शून्य लिमिट

झिनतआपाला नाही म्हणता येत नाही, असं कर्जतच्या बाजारात कोणी सांगितलं तर त्याने एकदा साडी घेऊन तिच्या दुकानात जावं. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, परकर, ब्लाउजपीस. गिऱ्हाइकाने साडी पुढे करून "आपा, याच्यावर तो हिरवा द्या" म्हटलं, तरी आपा त्या हिरव्या थानाला हात लावत नाही.

"नाय जायचा."

"अहो, पण मला आवडलाय."

"तुला आवडला असंल. साडीला नाय आवडला."

गिऱ्हाईक चिडून दुसऱ्या दुकानात जातं आणि अर्ध्या तासाने तोंड पाडून परत येतं. तेवीस वर्षं हेच चाललंय.

पण पैशाची गोष्ट निघाली की हीच बाई विरघळते. समोरच्याने नुसता चेहरा पाडला तरी आपाचा हात गल्ल्याकडे जातो. नवरा होता तोवर तो मध्ये पडायचा. तो गेल्यावर मध्ये पडायला कोणी उरलं नाही.

अशी बाई भिशी चालवते म्हणजे आगीशी खेळच. पण भिशी चालली आणि तीही नावाजून. बारा बायका, प्रत्येकीचे महिन्याला दोन हजार. पाळ्या वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून ठरतात. पाच तारखेला दुपारी चार वाजता दुकानाचं शटर अर्धं खाली येतं, बायका थानांच्या गठ्ठ्यांना टेकून बसतात, आणि जिची पाळी असेल तिच्या हातात चोवीस हजार पडतात. फार पूर्वी याच बाजारात एक भिशी बुडाली होती. चालवणारी बाई एके दिवशी बिऱ्हाडासकट नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर झिनतआपाचे नऊ हजारही गेले. तेव्हापासून आपाची जिद्द एकच होती. आपल्या भिशीत पाच तारीख म्हणजे पाच, चार म्हणजे चार, आणि चोवीस म्हणजे चोवीस. एखादीचा हप्ता राहिला तर आपा गल्ल्यातून घालायची, पण पाळीवालीच्या हातात कधी कमी पैसे दिले नाहीत. बायका कौतुक करायच्या आणि आपाला ते कौतुक फार गोड लागायचं. हे तिला विचाराल तर कबूल करणार नाही, म्हणून आपण सांगून टाकू.

मग आलं क्रेडिट कार्ड. मुंबईहून माल भरायला सोयीचं, म्हणून बँकेतल्या बाईने गळ्यात घातलं. माल घ्यायचा आणि बिलाची तारीख यायच्या आधी पैसे चुकते करायचे. व्याज घ्यायचं नाही आणि द्यायचंही नाही, हे तिच्या वडिलांनी लहानपणीच कानात घातलेलं, त्यामुळे आपाने एकदाही तारीख चुकवली नाही. पण एका पाच तारखेला हर्षलाचा हप्ता आला नाही. हर्षलाचं शेजारीच ब्यूटी पार्लर आहे. त्या दिवशी आपाचा गल्लाही रिकामा होता. साडेतीन वाजले होते. आपा एटीएममध्ये गेली, सहज म्हणून ते कार्ड घातलं, आणि मशीनने खळखळ पैसे दिले. आपाला वाटलं, देवच पावला.

ही बातमी भिशीत पसरायला किती वेळ लागणार? आपाच्या कार्डातून पैसे येतात, हे सगळ्यांना कळलं. हर्षलाने तर त्याचं शास्त्रच बनवलं. मोबाईलचा डेटा जसा महिन्याला नवा भरून येतो, तसंच कार्डाचं असतं, वापरलं नाही तर फुकट जातं. त्यानंतर "आपा, या वेळी माझे कार्डातून टाक गं" हे वाक्य भिशीत ऐकू यायला लागलं. हर्षला दर महिन्याला म्हणायची. वनिताही म्हणायची, पण खाली बघून. दोघी पुढे पंधरा-वीस दिवसांनी पैसे आणून द्यायच्या. हर्षला एकदम द्यायची, वनिता तुकड्यातुकड्याने.

आपाची लेक मिस्बाह खोपोलीच्या शाळेत गणित शिकवते. एका रविवारी तिने बिल उघडलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अम्मी, तू कार्डावर कॅश काढतेस?"

"काढते की. फेडते पण."

"मालाची गोष्ट वेगळी. कॅश काढली की त्याच दिवसापासून व्याज चढतं. वर प्रत्येक वेळी पाचशे रुपये फी आणि टॅक्स. सात महिन्यांत अकरा वेळा काढलीस. साडेसहा हजार नुसत्या फीचे गेले."

साडेसहा हजारांचं आपाने ऐकून घेतलं. पण व्याज या शब्दाशी ती अडली. सात महिने आपण व्याज देतोय आणि आपल्याला पत्ताच नाही! समोरचं ताट तिने बाजूला सारलं.

"बायकांना सांग, कार्ड बंद," मिस्बाह म्हणाली.

"तू सांग."

"मी कशाला? भिशी तुझी."

आपाने दोन दिवस विचार केला. हर्षलाला काय सांगायचं, याची तिने आरशासमोर तालीमसुद्धा केली. आरशातली बाईच खाली बघायला लागली. शेवटी तिला युक्ती सुचली. आपल्याला नाही म्हणता येत नाही ना, मग बँकेनेच म्हणावं. मशीनला कुठे लाज असते?

तिने दुकानातूनच बँकेला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबला. वीस मिनिटं संगीत ऐकलं, तेवढ्यात दोन फॉल विकले. मग एक गोड आवाज आला.

"नमस्कार, मी अक्षदा. काय मदत करू?"

"माझ्या कार्डाचं ते कॅशचं लिमिट हाय ना, ते उतरवायचं हाय."

"वाढवायचंय ना, मॅडम?"

"उतरवायचं."

"मॅडम, तुमचं रेकॉर्ड फार छान आहे. तुमचं वीस हजार आहे, ते आम्ही तीस करून देऊ शकतो."

आपा गालात हसली. हा सूर तिच्या ओळखीचा होता. "हे बघ अक्षदा, मीपण दुकानदार हाय. परकर मागितला की मीपण चार ब्लाउजपीस दाखवते. पण गिऱ्हाईक नको म्हणालं की मी घडी घालते. तूपण घाल."

पलीकडे अक्षदा हसली. "बरं, कितीवर आणू?"

"शून्य."

"इमर्जन्सीला थोडे ठेवा ना, मॅडम. पाच हजार तरी."

इथे आपाची जीभ अडखळली. पाच हजारांत दोघींचे हप्ते बसत होते, वर एक हजार उरत होते. 'ठेव' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात एक गिऱ्हाईक समोर उभं राहून म्हणालं, "आपा, हा पिवळा द्या," आणि आपाच्या तोंडून सवयीने निघालं, "नाय."

"नाही ना? मग शून्य करते," अक्षदा म्हणाली. "खरेदीचं लिमिट आहे तेवढंच राहील. कारण काय लिहू?"

"लिही, हिला नाय म्हणता येत नाय."

"तसं लिहिता येत नाही, मॅडम. यादीतलं निवडावं लागतं. चोरीची भीती, जास्त खर्च, इतर."

"मग इतर."

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. कॅश लिमिट शून्य. आपाने तो मिस्बाहला तीनदा वाचायला लावला आणि तो दिवस मजेत गेला. तिसऱ्या दिवशी तिने पाळ्यांची यादी काढून बघितली. येणारी पाळी इंदूबाईची होती.

कडावची इंदूबाई, वय सत्तरीला टेकलेलं. चाळीस वर्षं दुधाचा रतीब घातला, बारा घरांचं माप आणि पैसे तोंडी. वर्षापूर्वी तिचे उरलेसुरले दातही काढले. आता वरची आणि खालची मिळून कवळी बसवायची होती. डॉक्टरने माप घेतलं होतं आणि सहा तारखेला पैसे घेऊन बोलावलं होतं. इंदूबाईने गावभर सांगून ठेवलं होतं की सहा तारखेला संध्याकाळी ती चणे खाणार. ज्यांना बघायचं असेल त्यांनी यावं.

आणि अशा पाळीच्या आदल्या आठवड्यात हर्षला दुकानात डोकावून म्हणाली, "आपा, माझे या वेळी कार्डातून हां."

"बघू," आपा म्हणाली.

बघू! बँकेला शून्य म्हणून ठणकावणारी बाई हर्षलाला बघू म्हणाली. रात्रभर तिने स्वतःला शिव्या घातल्या, पण सकाळी तोंड उघडलं नाही ते नाहीच.

पाच तारीख उजाडली. गल्ल्यात होते ते मालाच्या बिलासाठी बाजूला ठेवलेलेच पैसे. साडेतीन वाजता आपा एटीएममध्येसुद्धा जाऊन आली. स्वतःच बंद केलेलं दार आपणच ढकलून बघतोय, हे तिला कळत होतं. मशीनने कार्ड परत दिलं, पैसे दिले नाहीत.

चार वाजता शटर खाली आलं. दहाजणींचे वीस हजार जमले. त्यात इंदूबाईचे स्वतःचेही होते. आपाने ती रक्कम इंदूबाईच्या मांडीवर ठेवली. तिचे कान तापले होते.

"मावशी, चार हजार कमी हायत."

इतक्या वर्षांत हे वाक्य इथे कोणी ऐकलं नव्हतं.

"कार्डातून काढ ना," हर्षला म्हणाली.

"नाय येत. मीच बँकेला सांगून बंद करून घेतलं. त्याच्यावर व्याज लागतं, हर्षला. दरवेळी पाचशे फी लागते. ती मी भरत व्हते."

"अगं, मग सांगायचं नाय का!" म्हणत हर्षलाने फोन काढला, नवऱ्याला लावला, काहीतरी पुटपुटली. आपाचा मोबाईल टुणकन वाजला. दोन हजार जमा. आपाने घड्याळ पाहिलं. चार मिनिटं. चार मिनिटांच्या कामासाठी आपण सात महिने फी भरली! आपाला इतका संताप आला की हर्षलाला अख्खं थान फेकून मारावंसं वाटलं. तिने गल्ल्यातून दोन हजार काढून इंदूबाईच्या मांडीवर ठेवले, मग दाराशी बसलेल्या वनिताकडे वळली आणि त्याच तिरमिरीत म्हणाली, "तूपण लाव फोन."

वनिताने फोन काढला नाही. पदराची गाठ सोडून शंभराच्या सहा नोटा काढल्या आणि पुढे ठेवल्या.

"एवढेच हायत, आपा. माझ्या नवऱ्याची, गजाची, खोपोलीची कंपनी सुटली, त्याला सात महिने झालं. आता हितं एका रिसॉर्टवर लागलाय, पण पगार पुढल्या महिन्याला. तवर घरभाडं तटलंय."

"अगं, मग सांगितलं का नायस?"

"तुमी इचारलंच नाय," वनिता साधेपणाने म्हणाली. "तुमी भरत व्हता. मला वाटलं, तेवढंच झाकून ऱ्हातंय."

आपाचा सगळा राग जागच्या जागी मेला. या बाईच्या शंभर-शंभरच्या नोटा आपण सात महिने मोजून घेतल्या. रंगातला एका छटेचा फरक जिला लांबून दिसतो, तिला हे दिसलं नव्हतं. तिला मनापासून लाज वाटली.

इंदूबाई मघापासून बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती.

"झिनत, माझी पाळी हिला दे गं."

"म्हंजे?"

"कमी कुणाचे हायत? हिचेच ना? मग पाळीच हिची केली तर हिनं हिलाच द्यायचे. भिशी भरली की! हिची फेब्रुवारीची पाळी मी घेते. नि वनिता, ते साशे उचल."

सगळ्याजणी मनातल्या मनात हिशोब करू लागल्या. तो बरोबर होता.

"आणि आता उचलून पुढं भरले नाय तर?" हर्षला म्हणाली.

"ती तुझ्यावानी नाय," इंदूबाई म्हणाली. "तुकड्यानं का हुईना, नसताना भरलेत तिनं. तू असताना नाय भरलेस."

हर्षलाचा चेहरा पार्लरवालीला न शोभेल इतका उतरला.

"मावशी, पण तुमचे दात..." वनिता म्हणाली.

"डॉक्टर काय पळून जात नाय. नि भाताला कवा दात लागलेत गं?" इंदूबाईने उठून बावीस हजार वनिताच्या ओच्यात टाकले. "उसने नायत, पाळी हाय. लाजू नको."

तेव्हा झिनतआपाला रडू फुटलं. शटर अर्धं खाली होतं, म्हणून बरं.

"आता तुला काय झालं?" इंदूबाई म्हणाली. "भिशी तर भरली."

"सात महिने, मावशी. एकदा इचारलं नाय मी हिला."

"मग आता इचार की. ती काय हितंच बसलीय."

आपाने डोळे पुसले, गल्ल्यामागून उठली, बायकांमधून वाट काढत दाराशी गेली आणि वनिताच्या शेजारी जमिनीवर बसली.

"सांग," ती म्हणाली, "घरात काय काय अडलंय गं?"