गच्चीवरचं न पडलेलं पाऊल

खोबऱ्याची चटणी मिक्सरमध्ये अर्धवट फिरली होती. तवा तापत आलेला, आत आमचे हे, रत्नाकर, पेपर घेऊन बसलेले. तेवढ्यात डोक्यावर, गच्चीत, पावलं सुरू झाली. मी मिक्सर बंद केला.

आधी सावकाश, मग घाईने, मग फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या किणकिणतील इतक्या जोरात. मग उडी. उडीत असते तेवढी शांतता. आणि त्यानंतर डावा पाय आपटायला हवा, तो आपटलाच नाही.

दार वाजलं.

दारात तनय. खांद्याला किटची लांबलचक बॅग, केस ओले, श्वास अगदी शांत. तळमजल्यावरून जिना चढून आला होता. गच्चीवर धावून उतरलेला माणूस असा दिसत नाही.

तनय आमच्या हेब्बाळच्या इमारतीतच वाढला. वडील जितेंद्र बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात, आई यशश्री घरी. तो भांडतो कन्नडमध्ये आणि भूक लागली की मराठीत बोलतो. शाळेत असल्यापासून हातात बॉल न घेता आमच्या गच्चीवर गोलंदाजीच्या रन-अपची तालीम करायचा. आमचं घर बरोबर त्याखाली, त्यामुळे एकदाही न बघता त्याचा रन-अप मला पाठ झाला. दुपारची झोप मोडली म्हणून मी ओरडले, तर कठड्यावरून डोकावून म्हणायचा, "स्वल्प सहन करा, काकू. पुढे टीव्हीवर दिसेन तेव्हा सगळ्यांना सांगाल!"

दिसलाही असता. राज्याच्या संघात आला तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. पहिल्या सामन्याच्या सकाळी वर पावलं ऐकू आली, म्हणून मी जिन्यातून यशश्रीला हाक मारली. "अगं, आज सामना ना? हा वर काय धावतोय?"

"काहीतरीच काय, ताई! तो कालच म्हैसूरला गेलाय."

शेवटचं पाऊल पडलं नव्हतं, हे मला संध्याकाळी आठवलं. फोन आला होता. कमरेच्या मणक्याला चीर.

वर्ष गादीवर गेलं. मग पुन्हा सराव, पुन्हा संघ, आणि मग घोटा. त्या सकाळीही पावलं वाजली, आणि तेव्हा तर गच्चीला कुलूप होतं, किल्ली घरमालक मल्लाप्पांच्या कनवटीला. "नीरिन टँक, अक्का," ते म्हणाले. "पाणी चढताना टाकी बडबडतेच." रत्नाकरांची सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत यंत्रांची कंपनं मोजण्यात गेली. ते म्हणाले, पाइपातली हवा. "मग हवेला रन-अप कोणी शिकवला?" मी विचारलं. त्यांनी पेपरची घडी बदलली.

एकदा वाळवण घालायला मी वर गेले होते. टाकीपासून निघून मधोमधपर्यंत धूळ जागोजागी पुसलेली, पावलाएवढी. पुढे धूळ तशीच होती, एकसारखी. त्या बाजूला मी पापड्या घातल्या नाहीत.

एव्हाना संघातली मुलं तनयला 'गाजू' म्हणायला लागली होती. गाजू म्हणजे काच. तोच हसत सांगायचा. अंगाला कायम मलमाचा वास, आणि यशश्री म्हणायची, "ह्याच्या अंगावर कातडीपेक्षा पट्ट्या जास्त." मग एक दिवस तीच माझा हात धरून म्हणाली, "ताई, पुन्हा ऐकू आलं तर मला आधी सांगा. सांगायचंच."

गेल्या वर्षी ऐकू आलं. मी सांगितलं. तिने मैदानावर फोन केला. तनयने घोट्याला दुप्पट पट्ट्या बांधल्या आणि पाय जपून टाकला. वेगवान गोलंदाजाने नेमकं तेच करायचं नसतं. हवेत असताना पाय कुठे ठेवू असा विचार आला, की पाय आपला राहत नाही. गुडघा फिरला. तेव्हापासून मला कळेनासं झालंय, की वरचं ते सांगायला येतं की करायला.

"आत ये ना," मी दारात म्हटलं. "डोसा खाऊन जा."

"नको, काकू. पोट जड झालं की धावता येत नाही. निवडीचा सामना आहे आज."

"तुझे कोच, वासुदेव सर, काय म्हणतात?"

"म्हणाले, 'गाजू, हे शेवटचं. आज फुटलास तर केरात टाकीन, पुन्हा बोलावणार नाही.'" तो हसला. मला हसता आलं नाही.

आतून रत्नाकर ओरडले, "तनय आहे का? जोरात टाक म्हणावं! जपून खेळायला आम्ही म्हातारे आहोत!"

"हो, काका!" मग माझ्याकडे वळून तो हळूच म्हणाला, "तुमचा मिक्सर मध्येच थांबला. जिन्यात ऐकू आलं."

"वाटण झालं," मी म्हटलं. माझ्या मागे ओट्यावर भांडं उघडं होतं. खोबऱ्याचे तुकडे मला दिसत होते, तसे त्यालाही दिसत असणार. तवा धुरायला लागला होता.

तो नमस्काराला वाकला. डावा गुडघा कट्कन वाजला. आम्ही दोघांनीही तो आवाज ऐकला आणि दोघांनीही न ऐकल्यासारखं केलं.

"मागच्या वेळी मी बॅट्समनकडे बघतच नव्हतो, काकू," बॅग उचलताना तो म्हणाला. "ते पाऊल शोधत धावत होतो."

त्याने एकदा छताकडे पाहिलं.

"आज वर काही ऐकू आलं, तर मला सांगू नका. आईलाही नको."