भाऊसाहेबांच्या न्हाणीघरातला भरलेला बंब

टाकी रिकामी झाली होती. पाईपमधले पाणी अंगणात वाहून गेले होते. उरला होता फक्त न्हाणीघरातला बंब. मी त्याच्या कॉकला हात घातला, तोच दाराआडून आवाज आला, "मिस्त्री, थांबा!"

आवाज वहिनीसाहेबांचा, म्हणजे बंगल्याच्या मालकीणबाईंचा होता. मी त्या घरचे नळकाम पहिल्यापासून पाहत होतो, पण त्या माझ्याशी कधी थेट बोलल्या नव्हत्या. काही सांगायचे असले तर रखवालदार पांडूकडून सांगत.

बंगला ठाण्याच्या खाडीवर, समोर कळवा. मालक भाऊसाहेब मुंबईत वकिली करीत आणि हवापालटाला इथे येत. त्या साली ते आले तेच छातीच्या दुखण्याने खंगून. दोन शब्द बोलले की धाप लागे. इथेही उतार पडेना, म्हणून पावसाच्या तोंडावर त्यांना परत मुंबईच्या डॉक्टरांकडे न्यायचे ठरले. बंगला दिवाळी होईपर्यंत बंद राहणार होता.

घर बंद करायचे म्हणजे नुसते कुलूप लावायचे नव्हे. विहिरीवरच्या पंपाचा चामडी वॉशर काढून तेलात ठेवायचा, नाहीतर तो वाळून तडकतो. टाकी, पाईप, बंब सगळे कोरडे करायचे. खाडीकाठचे पाणी मचूळ. ते महिनोन्महिने साचून राहिले की लोखंड गंजते आणि बंबाच्या सांध्यांना दिलेला कथलाचा डाक सुटतो.

"वहिनीसाहेब, हे पाणी काढावंच लागतं," मी म्हणालो.

"घरातलं सगळं पाणी कधी ओतून टाकतात, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

ठाऊक होते. वडील गेले तेव्हा आमच्या घरचे हंडे मीच ओतले होते. माणूस गेल्यावर घरात भरलेले पाणी ठेवत नाहीत.

पण मी पडलो तापट. माझ्या कामात कोणी बोललेले मला खपत नाही. "मग देवघरात एक कळशी भरून ठेवा. बंब गेला तर सगळे माझ्या नावाने खडे फोडतील."

"कळशी ठेवलीच आहे. हा बंब इकडच्या आंघोळीचा. परत यायचं होईल तेव्हा ऊन पाणी लागेल ना…"

मी कॉकवरचा हात काढला.

"मिस्तरी, आटपा! गारी आली," पांडूने बाहेरून हाक दिली. ओसरीवर भाऊसाहेबांना दोघांनी धरून उभे केले होते. त्यांनी मला विचारले, "सगळं… कोरडं?" तेवढ्यानेच त्यांना धाप लागली.

"हो," मी म्हणालो. गिऱ्हाइकाशी कामाबाबत खोटे बोलायची माझी रीत नव्हती. लाज वाटली. पण त्यांच्याकडे बघून भीतीच जास्त वाटली.

तो सबंध पावसाळा मला दोन धास्त्या होत्या, एक बंबाची आणि एक माणसाची. बंबाचे काय होणार हे तर मला पक्के माहीत होते.

कार्तिकात निरोप आला, बंगला उघडायचा आहे. कोण कोण येणार, ते निरोप आणणाऱ्याला ठाऊक नव्हते. मी आधी जाऊन न्हाणीघर उघडले. बंबाचे बूड सुटले होते आणि फरशीवर हिरवट पाण्याचे थारोळे साचले होते. मी ते पुसत बसलो होतो, एवढ्यात मागून कोणीतरी गरजले.

"मिस्त्री! हा काय प्रकार?"

दारात भाऊसाहेब उभे होते. कोणाचा आधार नाही, हातात काठीही नाही.

"सगळं कोरडं केलं म्हणालात ना? याला कोरडं म्हणतात? साक्षीला उभं केलं तर काय तोंडाने बोलाल? एवढा तांब्याचा बंब, मुंबईहून आणवलेला, त्याची पार वाट लावलीत! अहो, नवशिकासुद्धा असं करत नाही!"

त्यांच्यामागे वहिनीसाहेब तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांचे डोळे वाहत होते. त्यांचे नाव मी घेतले नाही.

"चुकलं, भाऊसाहेब."

"चुकलं म्हणता आणि वर हसताय?"

बंब तांबटाकडे गेला. नियम नियमच आहे. बंद घरात बंब भरून ठेवू नये, हे मी हाताखालच्या फिटरांना आजही बजावतो. त्या दिवशी मात्र मी पोटभर बोलणी खाल्ली. भाऊसाहेब कितीतरी वेळ बोलत होते, आणि त्यांना एकदाही धाप लागली नाही.