टीव्हीसमोरचा पहारेकरी

रसायनीच्या आमच्या कारखान्याने नदीकाठच्या पंपघरावर कॅमेरा बसवला आणि गेटवरच्या पहारेकऱ्याला टीव्हीसमोर बसवलं. पंपघर फार लांब होतं, म्हणून चित्र टेलिफोनसारख्या पीळ घातलेल्या तारांवरून आणलं होतं. ते सारखं थरथरायचं.

जवळच्या कुंभिवली गावचा हा पहारेकरी त्या चित्राशी बोलायचा. पंपवाला दिसला की विचारायचा, "जेवलास का रं?"

"त्याला ऐकू जात नाही," मी म्हणालो.

"ठावं हाय. पन माणूस समोर आल्यावर बोलायचं नाय?"



एका दुपारी मी त्याच्या केबिनमध्ये चहा पीत होतो. चित्र गेलं होतं, पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. तो एकदम ओरडला, "पडला वो!" आणि गेट उघडं टाकून धावत सुटला. मीही मागे धावलो. पंपवाला खरोखरच दाराशी बेशुद्ध पडला होता. आम्ही त्याला उचलून दवाखान्यात नेलं, म्हणून तो वाचला.

साहेबांनी पहारेकऱ्याला विचारलं, "तुला कळलं कसं?"

"टीव्हीत दिसला की. यांनीबी बघितला."

मी म्हणालो, "मला काहीच दिसलं नाही."

शाबासकी राहिली बाजूला, त्याचा चेहराच उतरला. "नाय दिसला? मंग मला काय दिसलं?"

ते मला अजूनही कळलेलं नाही. त्यानंतर मी केबिनमध्ये असताना पंपवाला पडद्यावर आला की पहारेकरी आधी माझ्याकडे वळायचा. "हाय ना वो तो? तुमालाबी दिसतोय ना?" मी हो म्हटल्याशिवाय त्याला हाक मारायचा नाही.