काळ्या हातावरचं इसब

एकाहत्तर साली कोपरगावच्या एस.टी. स्टँडवरून मी निघाले, तेव्हा आईने माझ्या पिशवीत करंजाच्या तेलाची बाटली कोंबली. नवरा साखर कारखान्यातला फिटर. तो आधीच विलायतेला गेला होता आणि आता त्याने मला बोलावून घेतलं होतं. लहानपणापासून माझ्या मनगटांना आणि कोपरांच्या वळ्यांत इसब. खाज सुटली की जीव नकोसा व्हायचा. आई म्हणाली, "मोठ्या मानसापुढं कोरड्या अंगानं जाऊ नगं. त्याल लावून, चांगली तकतकीत हून जा." पोचवायला आलेली सासरची मंडळी माझ्या मनगटांकडेच बघत होती. हिला तिकडे नेऊन तो टाकणार, असाच त्यांचा हिशेब असावा.

इथे मला मोज्यांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. थंडी आणि लोकर, दोन्ही माझ्या कातडीच्या वैरिणी. पहिल्याच हिवाळ्यात हात सोलून निघाले. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या मॉरीनलाही हेच दुखणं होतं. सुपरवायझर बाई माझे हात बघून म्हणाली, डॉक्टरकडे जाऊन बरी हो, नाहीतर इथे काम नाही. मॉरीनला ती असं काही म्हणाली नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली.

डॉक्टरकडे मी आईच्या शिकवणीप्रमाणे गेले. न्हाऊन, नवं पातळ नेसून, हातांना तेल चोपडून. डॉक्टरने खुर्चीतूनच पाहिलं आणि विशेष काही नाही म्हणाला. मॉरीनने त्याच्याकडूनच मलम आणलं आणि थोड्याच दिवसांत तिचे लाल चट्टे उतरले. मग मला वाटलं, चूक आपलीच. दुखणं दाखवायला नटूनथटून कोण जातं? आमच्याकडची सगळीच जातात म्हणा.

पुढच्या खेपेला तेलाचं बोटही लावलं नाही. बैलाच्या मानेवर जू घासून घट्टा पडतो तशी कातडी झाली होती, राखाडी आणि जाड, आणि भेगांतून रक्त येत होतं. तरी डॉक्टर खुर्चीतून उठला नाही. लाली दिसत नाही, म्हणजे सौम्य आहे, असं म्हणाला. वर साबण लावून आंघोळ करत जा, असा सल्ला. मॉरीनचं इसब लाल, माझं काळं-जांभळं. काळ्या हातावर त्याला लाली दिसणार तरी कशी? हे त्याला माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचंच नव्हतं? इतकी वर्षं झाली, मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमच्यापैकी जे इकडे आलात, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. माझं काम गेलं. मॉरीनचं राहिलं. तिच्या हातावर आज डाग नाही, माझे दोन्ही हात डागाळलेले आहेत.

चौऱ्याहत्तर साली माहेरी आले. वाटलं, आपल्या माणसांत तरी कुणी वाकडं बघणार नाही. वहिनीने माझा कप वेगळा काढला होता. "विलायतेच्या डागदरला बी कळंना, म्हंजी लई मोठं कायतरी असंल," असं ती चुलीपाशी आईला सांगत होती. महारोग हा शब्द तिने तोंडातच ठेवला. ओसरीवर बसून मी सगळं ऐकलं. फार राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं.

आई भाकरी थापायची सोडून बाहेर आली. पिठाचे हात पदराला पुसले, माझं मनगट धरलं आणि डोळे मिटून अंगठा सावकाश कातडीवरून फिरवला. "हितं कढत लागतंय," ती म्हणाली. "हितं सूज हाय. आन् हे जुनं हाय, हे आता जात न्हाई." तोवर वहिनीने त्या वेगळ्या कपात माझा चहा आणला होता. आईने तो घेतला, अर्धा स्वतः प्यायली आणि उरलेला माझ्या हातात दिला. वहिनी आत गेली.

घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की मी अजून कोपरगाव सांगते. आई गेल्यापासून मात्र कोपरगावातही मी लांब बाह्यांचं पोलकं घालते.