ट्रेव्हरनं हात दाखवला

माझ्या सवतीचं नाव मेबल. दुसऱ्या महायुद्धातली, तीन टन माल वाहणारी बेडफर्ड लॉरी, बसक्या नाकाची आणि खाष्ट स्वभावाची. माझ्या नवऱ्यानं, ट्रेव्हर होलरॉइडनं, ती कुणाच्या तरी शेताच्या कोपऱ्यातून ओढून आणली तेव्हा तिच्या केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या. मी म्हटलं, "कोंबड्या ठेव आणि लॉरी परत कर." ऐकतो कोण! जन्मभर नगरपालिकेची कचरागाडी चालवलेला माणूस, संध्याकाळी घरी आला की पुन्हा गाडीखालीच शिरायचा. तिचे सुटे भाग रंगवून त्यानं माझ्या ओव्हनमध्ये वाळवले. मग कितीतरी रविवार भाजलेल्या मांसाला रंगाचा वास यायचा, आणि पाहुण्यांना मी ठोकून द्यायची की ही नवीन पद्धत आहे.

बरं, माणूस बोलका असता तर एक वेळ सोसलं असतं. पण हा मुलखाचा मुखदुर्बळ. आमच्या घरात दोघांच्या वाटणीचं मीच बोलते. "पोरी, जरा दम घे," एवढंच त्याचं भाषण. सत्तरी आली तरी मी त्याची पोरीच.

म्हणूनच, यॉर्कशरच्या आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबनं फ्रान्समध्ये नॉर्मंडीला जायचं ठरवलं (महायुद्धात आपलं सैन्य तिथं उतरलं त्याला ऐंशी वर्षं होत होती) तेव्हा पहिला होकार ट्रेव्हरचा आलेला पाहून मी चाटच पडले. त्याचे वडील, माझे सासरे विल्फ, त्या लढाईत अशीच बेडफर्ड चालवत होते. पण ते पुन्हा कधी तिकडे फिरकले नाहीत. पदकं बिस्किटांच्या डब्यात पडलेली. कुणी नॉर्मंडीचं नाव काढलं की उठून बागेत जायचे, वाटाण्याच्या वेलांना पाणी घालायला. वरून पाऊस कोसळत असला तरी.

कारण मला कळलं ते बोटीवर. खाली पोटात मेबल आणि इतर गाड्या साखळ्यांनी बांधलेल्या, आम्ही दोघं वर कठड्याशी वारा खात उभे. मी सँडविचबद्दल काहीतरी कुरकुरत होते. ट्रेव्हर एकदम म्हणाला, "बाबांनी तिथं एक माणूस मारला."

"अरे, लढाईच होती ती."

"आपला माणूस, पोरी. सिड."

सिड ग्रीनवुड म्हणजे विल्फचा जोडीदार, केबिनमध्ये शेजारी बसणारा. दोघं एकाच गावचे, घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. लॉरीत तोफगोळे, दिवे लावायची बंदी, काळाकुट्ट अंधार. एका लोखंडी क्रुसापाशी वाट चुकली आणि लॉरी आंधळ्या बोळात शिरली. सिड उतरला, मागून वाट दाखवायला. उतरताना म्हणाला, "बाहेर पडलो की चहा टाकू." विल्फनी लॉरी मागे घेतली. सिड त्यांना दिसलाच नाही.

वरून कळवलं गेलं की सिड शत्रूच्या तोफेनं गेला. विल्फनी ते तसंच राहू दिलं. गावी परतल्यावर सिडच्या म्हाताऱ्या आईचा कोळसा ती मरेपर्यंत तेच घरात आणून टाकत होते, आणि तिच्यासमोर त्यांची जीभ कधी रेटली नाही. शेवटच्या आजारपणात फक्त मुलाला सांगितलं.

"मला त्या बोळात जाऊन सिडचा चहा करायचाय," ट्रेव्हर म्हणाला. "बाबांना नाही जमलं. आपल्याला मूलबाळ नाही. मीही नाही गेलो तर मग जाणारं कोणी उरतच नाही."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वर्षं संसार केला आणि हे ओझं या माणसाच्या पाठीवर होतं, मला कानोकान खबर नव्हती! मी म्हटलं, "मग जेराल्डला सांग ना. क्लबचे सगळेच येतील."

"नाही. बाबांची लाज चारचौघांत काढायची नाही. मी गुपचूप जाईन, गुपचूप येईन."

जेराल्ड म्हणजे आमच्या क्लबचा म्होरक्या. भूगोलाचा मास्तर होता. फौजेत एक दिवस काढलेला नाही, पण टोपी अशी तिरकी घालतो की खऱ्या म्हाताऱ्या सैनिकांनी उठून सलाम करावा. त्याच्या ताफ्याचे नियम दोन. पुढच्याच्या मागे जायचं आणि मागच्याला हरवू द्यायचं नाही. ट्रेव्हरनं शेवटची जागा मागितली, म्हणजे हळूच सटकता येईल.

"छे छे," जेराल्ड म्हणाला. "मेबल सगळ्यांत हळू. हळू गाडी पुढे, म्हणजे कोणी मागे पडत नाही. तू माझ्या जीपच्या मागे, होलरॉइड."

"पण मी..."

"नियम म्हणजे नियम!"

झालं! ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तेही सगळ्यांच्या पुढे बसून. मला तर रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी तळावरून निघालो. समुद्रकिनाऱ्यावर समारंभ होता. महापौर, बँड, सगळा सरंजाम. मी बडबडी बाई, पण त्या रस्त्यावर माझीही बोलती बंद झाली. प्रत्येक गावात माणसं दारात उभी होती. आरडाओरडा नाही, नुसती उभी. एक म्हातारी आरामखुर्ची रस्त्याच्या कडेला आणवून बसली होती, आणि मेबल समोर आली तशी ती दोन्ही हातांनी खुर्ची रेटून उठली आणि आमची शेपटी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. आम्ही कोण? एक कचरागाडीवाला आणि त्याची बायको. ती आमच्यासाठी उठली नव्हती हे मला कळत होतं. तरी मी नकळत ताठ बसले.

पुढे जेराल्डची जीप वळणाआड गेली, आणि तो लोखंडी क्रूस दिसला. गंजलेला, जरासा कललेला. त्याच्या उजव्या अंगाला बोळ. ट्रेव्हरच्या कपाळावर घाम होता.

आता हळूच वळायचं की नाही? पण नाही! पन्नास वर्षं गाडी चालवणारा सरळमार्गी माणूस. वळायचं तर हात दाखवायचा, हे हाडात भिनलेलं. त्यानं खिडकीतून अख्खा उजवा हात बाहेर काढला, चांगला खांद्यापर्यंत, आणि मग वळला.

"हात दाखवून अवलक्षण!" मी किंचाळले. "अरे, चोरून जायचं होतं ना?"

"सवय गं," तो म्हणाला, आणि त्यानं आपल्या आरशाकडे बोट केलं.

मीही त्याच्या अंगावरून वाकून त्यात पाहिलं. मागच्या लॉरीतून हात बाहेर आला होता. तिच्या मागच्या जुन्या फौजी रुग्णवाहिकेतूनही. तिच्या मागून आणखी एक, आणखी एक. पार नजर पोचेल तिथपर्यंत प्रत्येक खिडकीतून एकेक हात, आणि सगळा ताफा आमच्या मागोमाग त्या बोळात वळत होता.

दोन्हीकडे पुरुषभर उंच मातीचे बांध, त्यावर दाट झाडोरा, वर हिरवं छप्पर झालेलं. शेवटी सफरचंदांच्या बागेचं कुलूप लावलेलं फाटक. बस्स, रस्ता संपला. ट्रेव्हरनं इंजिन बंद केलं. मागच्यानं बंद केलं. त्याच्या मागच्यानं. एकेक घरघर थांबत थांबत लांब गेली आणि मग फक्त पाखरं ऐकू यायला लागली. इथेच. याच मातीवर.

ट्रेव्हर खाली उतरला. त्यानं पत्र्याचा कापलेला डबा काढला, त्यात वाळू, वाळूत पेट्रोल. लढाईत सैनिक पोरं अशाच चुलीवर चहा करायची. तो उकिडवा बसला आणि काडी ओढायला लागला. एक काडी पेटेल तर शपथ.

तेवढ्यात जेराल्ड धापा टाकत आला. पुढे जाऊन मागे कोणी दिसेना, म्हणून परत फिरला होता. बोळ भरलेला, त्यामुळे जीप बाहेर टाकून सगळ्या गाड्यांच्या कडेकडेनं धावत आला बिचारा. तोंड बिटासारखं लाल.

"होलरॉइड! तिकडे महापौर उभे, बँड उभा, आणि तू आम्हाला इथं सफरचंदं दाखवायला आणलंस? आणि चहा? आत्ता चहा?"

मी पदर खोचून... म्हणजे बाह्या सरसावून पुढे झाले. पण ट्रेव्हर उठून उभा राहिला. "पोरी, मी सांगतो."

आणि या मुखदुर्बळ माणसानं सांगितलं. मागून चालत आलेली माणसं तोवर गोळा झाली होती. सगळ्यांसमोर सांगितलं. "माझ्या बापानं इथं अंधारात लॉरी मागे घेताना आपलाच सोबती चिरडला. सिड ग्रीनवुड. त्याचा चहा राहिला होता. तेवढा करतो. तुमचा खोळंबा केला, माफ करा. तुम्ही पुढे व्हा."

पुढे व्हायला जागा नव्हतीच म्हणा. पण कुणी हसलं नाही. जेराल्डनं ती तिरकी टोपी काढली. मी त्याचं टक्कल पहिल्यांदाच पाहिलं. तो सगळ्या कडक इस्त्रीसकट ट्रेव्हरशेजारी गुडघ्यांवर बसला आणि डब्याभोवती दोन्ही तळवे धरले. "वारा आहे," तो म्हणाला. "मी आडोसा धरतो. आता ओढ."

काडी पेटली.

रुग्णवाहिका चालवणारी हेझल दूध घेऊन आली. जे मागे होते त्यांना काही कळलं नव्हतं, ते विचारत होते, आणि पुढचा मागच्याला हळूच सांगत होता. बोळाच्या वळणापर्यंत मला दिसत होतं. निरोप जिथं पोचेल तिथं डोक्यावरची टोपी उतरत होती. मी आजवर मोठमोठ्या चर्चमध्ये गेले आहे, राजघराण्यातली लग्नं टीव्हीवर पाहिली आहेत, पण असलं काही पाहिलं नाही. मी तोंडावर हात दाबून रडले, खोटं कशाला बोलू.

ट्रेव्हरनं पहिला मग भरला, मेबलच्या मागच्या चाकापाशी गेला आणि तो गवतावर ओतला. वाफ निघाली. "सिड, फार उशीर झाला," तो म्हणाला. "बाबा रोज आठवण काढायचे तुझी." मग उरलेला चहा सगळ्यांत फिरला. एकेक घोटच आला वाट्याला.

"महापौर थांबतील," जेराल्ड म्हणाला. "पण बाहेर पडायचं तर सगळ्यांना उलटंच जावं लागेल."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ट्रेव्हरच्या ते आधीच लक्षात आलं होतं. तो पांढराफटक पडला होता.

शेवटच्या गाडीपासून सुरुवात झाली. एकेक गाडी मागे सरकत होती आणि प्रत्येकीच्या मागे एक माणूस दोन्ही हात वर करून उलटा चालत होता. कुणाची बायको, कुणाचा भाऊ. सगळ्यांत आत मेबल, म्हणून सगळ्यांत शेवटी मेबल. ट्रेव्हर स्टिअरिंग धरून नुसता बसला होता.

"मागे कोणी उभं राहायचं नाही," तो म्हणाला.

जेराल्ड हळू आवाजात म्हणाला, "बोळ वाकडा आहे रे. बांधाच्या कडेला खड्डे आहेत. एकट्याला नाही जमायचं."

"मी जाते मागे," मी म्हटलं.

"तू नाही!" एवढ्या मोठ्यानं तो माझ्यावर आयुष्यात ओरडला नव्हता.

"मग कोण? तुझ्याबरोबर बसून मी आले. मीच जाणार."

त्यानं हात बाहेर काढून आरसा नीट केला. मग म्हणाला, "बोलत राहा, पोरी. मोठ्यानं. क्षणभरही गप्प बसू नकोस."

मी मागे जाऊन उभी राहिले. मेबल गुरगुरली आणि ते धूड माझ्या दिशेनं हललं. खरं सांगते, पळून जावंसं वाटलं. पण बोलायला लागले. गळक्या पन्हळीबद्दल बोलले, त्याच्या बहिणीच्या भयंकर पडद्यांबद्दल बोलले, माझ्या ओव्हनबद्दल तर इतकं बोलले की फाटकाशी उभा जेराल्डही ऐकत असणार. "डावीकडे घे, आंधळ्या! तुझ्या आईनं तुला लाडावून ठेवलं, म्हणून ही वेळ आली!" घसा कोरडा पडला तरी बोलतच होते. मध्येच टाच एका मुळात अडकली, मी हेलपाटले आणि श्वासच अडकला.

मेबल जागच्या जागी थांबली.

"पॉलिन!"

माझं नाव त्यानं कितीतरी वर्षांनी घेतलं. "आहे रे, आहे! मेल्या, श्वास तरी घेऊ देशील की नाही? चल, ये, ये!"

आणि तो आला. वीतवीत करत, माझ्या शिव्या खात, क्रुसापर्यंत आला आणि डांबरी रस्त्यावर बाहेर पडला. सगळा ताफा दुतर्फा उभा होता. कुणीही टाळी वाजवली नाही. ट्रेव्हर खाली उतरला. प्रत्येक चाकापाशी गेला, वाकून खाली पाहिलं, मग पुढच्या चाकापाशी. चारही बाजू पाहून झाल्यावर माझ्याजवळ आला आणि माझा हात घट्ट धरून बोळाकडे तोंड करून उभा राहिला.

"बाबा, आलो बाहेर," तो म्हणाला. "सगळे."