दारापाशी अडलेली गोष्ट

हान्नाबाई पोलंडच्या. कविता लिहितात, फारसी लोककथा गोळा करतात. शारजाच्या एका पुस्तकमेळ्यात त्यांना ऐकलं. नंतर चहा घेताना त्या म्हणाल्या, "खोर फक्कानला एक म्हातारी आहे. तिला माझ्या आईची गोष्ट येते म्हणे. उद्या रात्री विमान आहे माझं. टॅक्सी मिळेल ना?"

मी मराठी साहित्यात एमए केलेली बाई. अशा माणसाला टॅक्सीत कशी बसवू? शरदमामाला फोन लावला. तो लांब खलिफा सिटीत राहतो, मोठी गाडी त्याची.

"यल्ला, निघू या," मामा म्हणाला. "सकाळी सिलिकॉन ओएसिसला तुझ्या घरी येतो. इडल्या करून ठेव."

शारजा मागे पडलं की खोर फक्कानचा रस्ता डोंगरात शिरतो. बोगद्यामागून बोगदा, मध्येच लख्ख ऊन, करडे उघडे कडे. पेट्रोल आधीच भरून घ्या. वाटेत करक, म्हणजे आपला कडक दुधाचा चहा, दोन दिरहमला. "म्हणजे पन्नास रुपये," मामा म्हणाला आणि दुसरा मागवला.

हान्नाबाई गाडीत बोलत होत्या. त्यांची आई लहानपणी युद्धात निर्वासित होऊन इराणला पोचली. अनाथालयातली धोबीण मुलांना गोष्ट सांगायची. एक मुलगी पदरात मीठ बांधून खारं वाळवंट ओलांडते, आपल्या घरी येते, दार ठोठावते. गोष्ट इथवर आली आणि मुलांना पुढच्या मुक्कामाला हलवलं. ती अर्धीच राहिली. पुढे आई मायदेशी परतली तेव्हा तिच्या घरात दुसरी माणसं राहत होती. त्या गावात तिनं पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

"दार कोणी उघडलं, हे ती मरेपर्यंत विचारायची," हान्नाबाई म्हणाल्या. "मी फारसी शिकले ती त्यासाठी."



त्या म्हातारीचं, बीबी मरियमचं, घर समुद्राजवळ. जन्म पलीकडच्या इराणी किनाऱ्यावरचा, इथे येऊन जन्म गेला. खजूर आले, कॉफी आली. हान्नाबाईंनी फारसीत मिठाची मुलगी म्हटलं मात्र, बीबींचे डोळे चमकले. येत होती गोष्ट. पण त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

"दिन में नहीं," त्या आमच्याकडे वळून हिंदीत म्हणाल्या. दिवसा गोष्ट सांगितली की घरचं माणूस वाट चुकतं.

मी उडालेच. "आमच्याकडे मामा चुकतो!"

"मामा ये बैठा है," मामा म्हणाला. "मॅप चालू है. आप बोलो, बीबी."

"तेरा मामा बैठा है," बीबी म्हणाल्या. "मेरा बेटा?"

मुलगा पिकअप घेऊन डोंगरापलीकडे रास अल खोरच्या भाजीबाजारात गेला होता. मामाने मॅप बंद केला. मी पडदे ओढू का विचारलं. बीबी हसल्या. पडद्याने कुठे सूर्य मावळतो?

आम्ही थांबू शकत नव्हतो. चार वाजता निघालो. हान्नाबाई मागे बसून खिडकीबाहेर बघत होत्या. "तिचं बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या.

डोंगर काळे पडले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बीबी. नमाज झाली होती, मुलगा घरी पोचला होता. मामाने न विचारता गाडी पेट्रोल पंपावर घेतली, इंजिन बंद केलं. फोनमधून म्हातारा आवाज येऊ लागला. मला एक शब्द कळत नव्हता आणि अंगावर काटा येत होता. हान्नाबाई हळू आवाजात इंग्रजीत सांगत गेल्या. मुलगी ठोठावते. पुन्हा ठोठावते. आतून आवाज नाही. शेवटी थकून दाराला टेकते, तर दार आत जातं. कडी नव्हतीच. ती चूल पेटवते, पदरातलं मीठ हंडीत टाकते आणि जेवायला बसते.

फोन बंद झाला. ट्रक जात होते.

"आईला वाटायचं, कोणीतरी उघडायला हवं," हान्नाबाई म्हणाल्या.

मामाने डोळे पुसले आणि विमानतळापर्यंत सिग्नलला नावं ठेवली. विमान मिळालं.

घरी लेकीला गोष्ट सांगितली. "शी शुड हॅव जस्ट पुश्ड," ती म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला अजून वाटतं. ज्यांना दिवसभराची सहल करायची आहे त्यांनी खोर फक्कानला जरूर जावं. समुद्र सुंदर आहे, मी तो नीट पाहिलाच नाही.

चार दिवसांनी हान्नाबाईंचा मेसेज आला. त्या आईच्या गावी निघाल्या होत्या. पहिल्यांदाच. तिथे ओळखीचं कोणी नव्हतं, आणि त्यांनी कोणाला कळवलंही नव्हतं.