पुढचे अर्धे, मागचे अर्धे

दादाचा चेहरा मुळातच असा, की त्याला किती वाजले विचारलं तरी वाटावं, बिचाऱ्यापुढे केवढा पेच पडलाय! प्लॅस्टरचे पुतळे ओतण्याचा त्याचा धंदा. बागेतली हरणं, शाळेतले थोर पुरुष, दुकानाच्या दारातली हसरी बाई, काय हवं ते.

धंदा वडिलांचा. ते गेल्यावर दोघा भावांची वाटणी करायला मामा आले. मामा न्यायाच्या बाबतीत फार कडक. आता पुतळ्याचा साचा दोन भागांचा असतो, पुढचा आणि मागचा. दोन्ही जोडून, दोरीने आवळून आत प्लॅस्टर ओतायचं. मामांनी सगळे पुढचे भाग दादाला दिले, सगळे मागचे धाकट्याला. "बघून घ्या बाबांनो, कुणावर अन्याय नको!" दादा मनात खूश, कारण चेहरे त्याच्याकडे आले. धाकटाही खूश, कारण पाठीशिवाय चेहरे घेऊन हा काय करणार? मामा जेवून गेले. सकाळी दोघांच्या लक्षात आलं, की आपण एकमेकांचा गळा चांगला धरलाय, पण सोडायचा कसा ते ठाऊक नाही.

अदलाबदल करायची तर बोलायला हवं, आणि आपण आधी तोंड उघडायचं नाही, हे तर दोघांनीही मनाशी ठरवलेलं. तेव्हापासून एकाच शेडमध्ये दोघं अबोला धरून काम करत. एकाने दोरी टाकली की दुसऱ्याची गाठ तयार. एकाने ओतलं की दुसरा साचा हलवणार. हात असे जुळलेले की दृष्ट लागावी. बोलणं मात्र दादाच्या बायकोमार्फत.

"वहिनी, तुमच्या नवऱ्याला सांगा, प्लॅस्टर पातळ झालंय."

"अहो, प्लॅस्टर पातळ झालंय."

"त्याला म्हणावं, तुझं डोकं घट्ट आहे तेवढं पुरे."

"हाताच्या अंतरावर उभे आहात दोघं," वहिनी करवादली, "आणि माझं दूध तिकडे उतू चाललंय!"

अशात संग्रहालयाचं मोठं काम आलं. माणसाचा इतिहास, दोन दालनांत: एक क्रौर्याचं, एक सहकार्याचं. काम सुरू झालं त्याच दिवशी धाकट्याने निरोप धाडला, "वहिनी, एवढं झालं की मी चाललो. मित्राच्या कारखान्यात. माझे साचे घेऊन." दादाच्या हातून दोरी सुटली. साच्यांच्या पाठी जाणार म्हणून, की भाऊ जाणार म्हणून, हे मात्र त्याला काही केल्या निवडता येईना.

पुतळे तयार झाल्यावर संग्रहालयाच्या बाई आल्या. धोंडा ओढणाऱ्या मजुरांकडे बघून म्हणाल्या, "हे सहकार्यात."

"पण बाई," दादा म्हणाला, "मागे हा चाबूकवाला आहे."

"अरे हो. मग क्रौर्यात."

"पण हा बघा, घसरणाऱ्याला काखेत हात घालून सावरतोय. आणि हे तोफ डोंगरावर चढवणारे. इतकी एकी आमच्या घरात नाही! पण वर जाऊन त्यांनी गाव जाळलं."

बाई स्टुलावर बसल्या. "आमच्या समितीत यावरूनच जुंपली. दोन सभासद आता एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. सहकार्याचं दालन त्या दोघांकडेच आहे." मग म्हणाल्या, "माणसं कशासाठी एकत्र आली, ते बघायचं. दुसरं काय?"

दादाला ते पटलं, आणि पटल्यामुळेच तो आणखी गोंधळला. आपण दोघं रोज सकाळी एकत्र येतो ते कशासाठी? पुतळे ओतायला, की एकमेकांना छळायला?

पुतळे गेले आणि धाकट्याने टेम्पो बोलावला. पाठी पोत्यांत भरून तो चढवू लागला. 'राहा' एवढंच म्हणायचं होतं दादाला. तोंड उघडेना. हात मात्र हलले: त्याने आपले पुढचे भाग उचलून टेम्पोत ठेवायला सुरुवात केली.

"हे काय?" धाकट्याने विचारलं. वहिनी शेजारी होती, तरी थेट!

"ने. नुसत्या पाठी घेऊन काय करणारेस?"

"उपकार करतोस?"

"नाही."

"मग सूड उगवतोस! म्हणजे सांगत फिरायला मोकळा, धाकट्याने लुबाडलं!"

दादाने खरोखर विचार केला. "मला नाही कळत रे."

"मग काढ खाली!"

"नाही काढणार! माझे आहेत, कुठेही ठेवीन!"

"टेम्पो माझा आहे!"

"चढवू का उतरवू?" ड्रायव्हरने विचारलं.

"तू गप रे!" दोघंही एका सुरात ओरडले.

ड्रायव्हर मानी निघाला. त्याने सगळा माल दारात उतरवला आणि रिकामा टेम्पो घेऊन चालता झाला. पाठी, चेहरे, सगळा काला. आभाळ भरून आलं होतं, साचे भिजून चालणार नव्हते. दोघं भांडत भांडतच ते आत नेऊ लागले.

"बाबा गेले तेव्हा तू रडलासुद्धा नाहीस," दादा म्हणाला.

"रडलो. मागच्या खोलीत. तू मामांशी वाटणीचं बोलत होतास."

दादा थांबला. "मला कुणी सांगितलं नाही."

"सांगणार कसं? तू बोलत कुठे होतास?"

"तू बोलत नव्हतास!"

वहिनी उंबऱ्यावर बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मध्ये पडावं की नाही, हे तिला पहिल्यांदाच उमगत नव्हतं.

"उद्या दुसरा टेम्पो आणणारेस का?" दादाने विचारलं. आवाज जमेल तेवढा रागीट ठेवून.

"उद्याचं उद्या बघू. ते टोक धर आधी, पाऊस आला."